बांधावरचे गाजरगवत आणि अंगावरचा दाह

हवामानबदलाचा विषय निघाला की आपल्याकडे हिमनद्या आणि समुद्राची पातळी यांचीच चर्चा होते. परभणी जिल्ह्याला ना हिम, ना समुद्र. येथे हा बदल थेट कष्टकऱ्याच्या कातडीवर उतरतो आहे आणि गाजरगवत हे त्याचे एक वाहन आहे.

१९५५ च्या सुमारास पुण्यात या तणाची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. पण गव्हाचा पीएल-४८० करार १९५६ चा, तेव्हा ही कथा जपूनच सांगितलेली बरी. लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हटले. त्यातला विनोद जुना झाला, गवत मात्र दर पावसाळ्यात नवे असते.

या गवतातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्वचेला बाधते. वाळलेल्या झाडाचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो, त्यामुळे गवताला हात न लावणाराही सुटत नाही. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराची खोबण येथे प्रथम खाज सुटते. वर्षे लोटली की कातडी जाड आणि काळवंडलेली होते. उन्हात दाह वाढतो म्हणून रोगी उन्हालाच दोष देतो. शेवटी कित्येकांना शेतात पाऊल टाकणेही नकोसे होते. ज्याचे पोट शेतावर, त्याच्यासाठी हा केवळ खाजेचा आजार राहत नाही.

आता हवामानाचा भाग. २०२१ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, हवेतील वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे या तणाच्या आक्रमक वाणात पार्थेनिनचे प्रमाण वाढते. म्हणजे गवत तेच, विष अधिक. त्यात पावसाचा लहरीपणा. दीर्घ खंड पडून कापूस-सोयाबीन विरळ झाले की मोकळी जमीन हे तण बळकावते. अवकाळी सरी आल्या की हंगाम नसतानाही उगवते. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. उलट, हे गवत खाणारा मेक्सिकन भुंगा पावसाळ्यातच कामाला येतो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून बसतो. हा भुंगा शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम परभणीच्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने केले आहे; परंतु पाऊसच तुटक झाला, तर एकट्या भुंग्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

दुर्दैवाने रोगी प्रथम गाठतो ते औषधांचे दुकान. तेथून आणलेल्या स्टेरॉईडयुक्त मलमाने दोन दिवस बरे वाटते, मग कातडी पातळ होते, आणि दुखणे नायट्याचे असेल तर ते अधिकच पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. नियम झाला, दुकानाची सवय सुटायला हवी.

गाजरगवताचे निर्मूलन हा केवळ कृषिखात्याचा विषय मानणे, ही मूळ चूक आहे. तो आरोग्याचाही विषय आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे काठ, शाळांची आवारे, गावठाणातील पडीक जागा येथील गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असतानाच उपटले गेले पाहिजे. ते उपटण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बायाच करतात, तेही उघड्या हातांनी. ग्रामपंचायतीला हातमोजे आणि तोंडाला बांधायचे फडके एवढा खर्च जड नाही, आणि ज्यांच्या अंगावर आधीच चट्टे आहेत त्यांना या कामावर पाठवूच नये.