ध्वनिकाराचा हक्क

पोटासाठी पत्करलेल्या धंद्यात पुढे गोडी लागणे ही नित्याची गोष्ट आहे. परंतु बालपणी कानाला जडलेला छंदच आयुष्याची उपजीविका आणि निर्मिती व्हावी असा योग विरळा, आणि तो ज्यांच्या वाट्याला येतो त्यांच्या श्रेयाची नोंद करताना संस्था व कायदे किती कृपण होतात हे पाहावयाचे असेल, तर डीलिया डर्बीशर या इंग्रज विदुषीचे चरित्र अवश्य पाहावे.

त्यांचा जन्म १९३७ साली कॉव्हेंट्रीत झाला, आणि त्या अजाण वयात असतानाच जर्मन विमानांनी त्या शहरावर आग ओतली. हल्ल्याची सूचना देणारा भोंगा आणि संकट टळल्याचा भोंगा यांचे ते उगम न दिसणारे नाद या मुलीच्या कानात कायमचे राहिले. युद्धकाळात तिला ज्या प्रेस्टन गावी नेले, तेथील दगडी फरसबंद रस्त्यांवरून पहाटे गिरणीकडे निघालेल्या कामगारांच्या लाकडी तळव्यांच्या जोड्यांचा खडखडाटही तसाच राहिला. केंब्रिजला गणित व संगीत शिकून त्यांनी एका ध्वनिमुद्रिका कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा ध्वनिमुद्रणशाळेत स्त्रियांची नेमणूक करण्याचा आमचा शिरस्ता नाही, असा जबाब मिळाला. पुढे बीबीसीत नोकरी मिळाली, आणि १९६२ साली त्या तेथील रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मितीच्या विभागात दाखल झाल्या.

दुसऱ्याच वर्षी ‘डॉक्टर हू’ या मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी लिहिलेली धून त्यांच्या हाती आली. हाताशी सिंथेसायझर नव्हता. एका ताणलेल्या तारेचा टणत्कार, यंत्रतपासणीसाठी बनविलेल्या ऑसिलेटरचे स्वर आणि थोडा गाळून घेतलेला सरसराट एवढ्याच सामग्रीतून एकेक स्वर निराळा मुद्रित करावयाचा, फितीचा वेग बदलून तो हव्या त्या पट्टीत आणावयाचा, त्याची लांबी इंचांत मोजून पात्याने फीत कापावयाची, तुकडे जोडीत जावयाचे. आणि सर्व फिती एकदम लावल्यावर कोठे मेळ चुकलाच, तर त्या फिती इमारतीच्या लांबलचक व्हरांड्यात उलगडून चुकीचा सांधा हुडकावयाचा! पत्र्याच्या एका हिरव्या लॅम्पशेडवर आघात करून, त्या आघाताचा आरंभ तेवढा कापून टाकून, उरलेल्या झंकारातून स्वर घडविणारा हा कान होता. अशा श्रमाला केवळ तांत्रिक साहाय्य म्हणणे मला कदापि मान्य नाही.

ग्रेनर यांनाही ते मान्य नव्हते. धून ऐकून ते थक्क झाले आणि आपल्या रॉयल्टीचा निम्मा हिस्सा त्यांनी डर्बीशर यांना देऊ केला; परंतु बीबीसीच्या नोकरवर्गाने अनाम राहावे या दफ्तरी नियमामुळे ते नामंजूर झाले. मालिकेच्या श्रेयनामावलीत डर्बीशर यांचे नाव पडद्यावर आले ते २०१३ साली. त्यांचे निधन २००१ मध्येच झाले होते.

आपल्याकडची स्थिती तपासली तर फारसे समाधान वाटत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचे शिक्षण घेतलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ऑस्कर मिळाले तेव्हा सर्वांचा ऊर अभिमानाने भरून आला. परंतु कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने चित्रगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीत गीतकार व संगीतकार यांचा समान वाटा राखला, आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता मात्र पूर्वीप्रमाणे निर्मात्यालाच ठेवले. चित्रपटाचा नाद ज्याने रचला, त्या ध्वनिकाराचा या कायद्यात स्वतंत्र हक्क नाही. पुढील दुरुस्तीत तो नोंदविला जावा, अशी या क्षेत्रातील संघटनांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी आग्रहाची मागणी केली पाहिजे.