डोंगरांतील शर्यत

नकाशा व होकायंत्र घेऊन रानांत खुणेचीं निशाणें शोधीत धांवण्याची सार्वजनिक शर्यत नॉर्वेंत १८९७ सालीं झाली. पेण-रोह्याचे डोंगर या खेळास योग्यच आहेत. परंतु चालकानें घरीं बसून निशाणांच्या जागा ठरवूं नयेत. ती चूक माझ्या हातून घडली आहे.

रोह्यानजीक अवचितगडाच्या बाजूस मीं विद्यार्थ्यांच्या जोड्या सोडिल्या होत्या. एक निशाण नकाशावर सोपें दिसलें, म्हणून स्वतः न जातां गड्याकडून लावविलें. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नेहमींच्या नकाशांत १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर, आणि लगतच्या दोन समोच्च रेषांत २० मीटर उंचीचा फरक. दहा-बारा मीटरांचा कडा त्यांच्यामध्यें सहज लपतो. तसाच तो लपला होता, आणि वर कारवीची दाट जाळी. दिवेलागण झाली तरी एक जोडी परतली नाहीं. कंदील घेऊन निघालों, तों एक कातकरी म्हातारा दोघांस घेऊन समोरून आला. एकाचा पाय मुरगळलेला. दुसऱ्यानें त्याची साथ सोडिली नव्हती. जोडीचा वेळ मागून पोंचणाऱ्यावरून धरावा, हा नियम याचसाठीं.

भाताचीं खाचरें उभीं असतां शर्यत नको, मार्गशीर्ष-पौष बरा. पाणी कोठें आहे तें कातकऱ्यांस, ठाकरांस विचारावें. नकाशांतील निळी रेघ पुष्कळदां तोंवर कोरडी पडते. निघतां-परततां डोकीं मोजावीं. शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यानेंही वर्दी द्यावी. आणि मोजणी पुरी होईतों बक्षिसें वांटूं नयेत. त्या सायंकाळीं मी तीं वांटून मोकळा झालों होतों.