दोन सेंटची टूथपेस्ट

बॉस, मॅनेजमेंटची पुस्तकं वाचून पकला असाल ना? त्याच सात सवयी, तेच हरवलेलं चीज, तोच श्रीमंत बाप. या वीकेंडला चेंज म्हणून चक्क लहान मुलांचं पुस्तक वाचा. एका बैठकीत संपतं.

‘द टूथपेस्ट मिलियनेअर’. लेखिका जीन मेरिल, साल १९७२, गाव अमेरिकेतलं ईस्ट क्लीव्हलँड. हीरो रूफस मेफ्लॉवर, सहावीतला. दुकानात टूथपेस्टची किंमत ७९ सेंट बघून साहेबांचं डोकं फिरतं. असं काय सोनं भरलंय आत? घरी येऊन पठ्ठ्या खायचा सोडा वगैरे कालवतो, पेस्ट करतो आणि खर्च मांडतो. २ सेंट! विकायची ३ सेंटला. पॅकिंग? बेबीफूडच्या रिकाम्या बाटल्या. ब्रँडनेम? ‘टूथपेस्ट’. बस्स! जाहिरात एजन्सीतल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर तिला जरा लागलंच.

गोष्ट सांगते रूफसची मैत्रीण केट. तो कृष्णवर्णीय, ती गोरी. पण पुस्तक त्यावर भाषण ठोकत बसत नाही, दोघांना सरळ कामाला लावतं. बाटल्या कमी पडायला लागतात तेव्हा केट लिलावातून ५० ग्रोस ट्यूब उचलते. १ ग्रोस म्हणजे १४४, म्हणजे ७२००! हाताखाली राबणाऱ्या मित्रमंडळींना पगार नाही, कंपनीचे शेअर्स मिळतात. (ईसॉप, ईसॉप म्हणून आपण मिरवतो ते हेच. सहावीतल्या पोरांना कळतं, आपल्याला एचआरनं तीनदा समजवावं लागतं.) गणिताचे सरसुद्धा वर्गात टूथपेस्टचीच गणितं घालतात. पानोपानी आकडेमोड आहे, आणि तरीही हसू येतं, ही कमाल मेरिलबाईंची.

एक गोष्ट मात्र मला खटकली. त्या २ सेंटमध्ये रूफसची स्वतःची मेहनत कुठाय? सोडा मोजला, तास मोजले नाहीत. त्याला चालतं, कारण जेवायला घरी आई वाढते. आपल्याला घरभाडं असतं.

म्हणून मी त्याचाच प्रश्न स्वतःला लावून बघितला. पुस्तक मिटलं आणि कॅल्क्युलेटर काढला. हजार शब्दांच्या एका लेखाचे मला ३००० रुपये मिळतात. त्यासाठी दोन मुलाखती, रिक्षाचे ४२० रुपये, मुलाखत उतरवून काढायला सहा तास, लिहायला आठ, आणि ‘जरा यंग करा ना’ म्हणून परत आलेला लेख पुन्हा लिहायला चार. जाण्यायेण्यासकट २४ तास. रिक्षा वजा जाता तासाला साधारण १०७ रुपये, तेही चेक तीन महिन्यांनी आला तर. रूफसला कळलं की ट्यूब महाग आहे. मला कळलं की मी फारच स्वस्त आहे.

तुम्ही पगारदार मंडळी हसू नका. सीटीसीला बारानं नाही, खऱ्या तासांनी भागा. रात्रीचे कॉल आणि रविवारचं ‘फक्त एक छोटंसं पीपीटी’ त्यात धरा.

नवा रेट मी संबंधित संपादकांना सोमवारी मेल केला, खर्चाच्या तक्त्यासकट. उत्तर आलं, ‘बघू या.’ तोवर त्यांचा पुढचा लेख मी घेतलेला नाही.