चोर म्हणजे करडा ठिपका!

आमच्या सोसायटीतून स्कूटर गेली. फुटेजमध्ये चोर म्हणजे एक करडा ठिपका! का? तर म्हणे 'महिन्याचं रेकॉर्डिंग बसावं' म्हणून कॅमेरेवाल्याने रेझोल्यूशन पार तळाला नेलेलं. महिनाभराचे ठिपके जपून करायचंय काय?

४ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो. चार कॅमेरे १ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरतात. मान्य. पण मग एच.२६५ लावा, २५ ऐवजी १२ फ्रेम्स ठेवा, त्या बेताने बिटरेट उतरवा. रात्री हालचालीपुरतंच रेकॉर्डिंग करा, त्यातून डोलणारा गुलमोहर वगळा (अर्धी डिस्क बहुधा तोच खातो). फाटकावरच्या कॅमेऱ्याचं रेझोल्यूशन मात्र कमी करू नका!

सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू." स्कूटरवाले काका सध्या रिक्षाने जातात.