जग बुडाल्यावर पाणवठा कुणाचा?

ओतूरचा कट्टा असो की पुण्यातलं होस्टेल, आपली पोरं पब्जी खेळतातच. जग उद्ध्वस्त झाल्यावर कसं जगायचं, याचे धडे अशा खेळांतून मिळतात म्हणे. तपासून पाहू.

पब्जीत शंभर जण विमानातून उड्या मारतात आणि सगळेच रिकाम्या हाताने उतरतात. इथेच खेळ खोटा पडतो. आपत्ती जात पुसत नाही, उघडी पाडते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमच्या मदत छावण्यांत दलितांना वेगळं काढलं, पाण्याच्या टाकीपासून रोखलं. समुद्राने घरं नेली, विटाळ तेवढा राहिला.

आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक आदिवासी. गाव जागेवर नाही, हे एसटीच्या चालकामुळे बाहेर कळलं. डोंगराच्या उतारावर कोण राहतं आणि का, हे कुठलाही गेम सांगत नाही.

एक धडा मात्र खरा आहे: पडलेल्या साथीदाराला उचलल्याशिवाय संघ टिकत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर एकटे गेले नाहीत, हजारोंना सोबत घेऊन गेले.

म्हणून मोबाईल खाली ठेवा आणि पुढच्या ग्रामसभेत विचारा: गावाच्या आपत्ती आराखड्यात आपली वस्ती आहे का? टँकर कुठे थांबणार? निवारा कुणाकुणासाठी उघडणार? हे प्रश्न पूर येण्याआधी विचारायचे असतात.

जय भीम!