खुळा लांडगा

प्रेमगीत म्हटले की त्यात कुणीतरी कुणासाठी झुरलेच पाहिजे, असा आपल्या गॅदरिंगमधील गायकमंडळींचा दंडक दिसतो. हसत हसत प्रेमात पडणारे गाणे त्यांना उथळ वाटते. मला हे मुळीच मान्य नाही. माझ्या बाजूने मी साक्षीला आणतो तो ब्राझीलचा एक लांडगा!

‘लोबो बोबो’ म्हणजे खुळा लांडगा. चाल कार्लोस लिराची, शब्द रोनाल्दो बोस्कोलीचे. जुआंव जिल्बेर्तोने १९५९ च्या आपल्या पहिल्या लाँगप्ले तबकडीत ते गायिले. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. इथे ती मुलगी पोहण्याच्या पोशाखात आहे आणि लांडगा म्हणजे असाच एक कट्ट्यावरचा वीर. तिला गिळायला निघालेले हे महाशय शेवटी गळ्यात पट्टा बांधून तिच्यामागे निमूट चालू लागतात. जेमतेम दीड मिनिटात सगळे आटोपते. मला पोर्तुगीज येत नाही. पण गोष्ट कळण्याआधीच हसू आले होते.

ते कशामुळे? सांबा म्हणजे कार्निव्हलमधला ढोलांचा गजर. जिल्बेर्तोने तो एका गिटारीत उतरवला. अंगठा मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरतो, बाकीची बोटे त्याला आडवे जाणारे ठोके छेडतात. आवाज मात्र शेजारी बसून बोलावे तसा. शब्द ठेक्याच्या कधी पुढे, कधी मागे रेंगाळतात. लांडग्याची नक्कल नाही की डोळे मिचकावणे नाही! हा हलकेपणा आयता आलेला नाही. दियामांतिना गावी बहिणीच्या घरी न्हाणीघरात बसून त्याने महिनोन्महिने हा आवाज घासला होता. १९५८ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळी गळ्याला एक आणि गिटारीला एक असे दोन माइक त्याने हट्टाने मागून घेतले.

आता आमचे काही प्राध्यापक म्हणतील, भोवती दारिद्र्य असताना समुद्रकाठची ही थट्टामस्करी कशाला? ब्राझीलमध्येही हा आक्षेप घेतला गेला, १९६४ च्या लष्करी उठावानंतर तर अधिकच जोराने. पण याच लिराने १९६१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचे लोकसंस्कृती केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला होता. लांडगा आणि ते केंद्र, दोन्ही एकाच माणसाची कामे. दुसऱ्यासाठी त्याने पहिल्याबद्दल माफी मागावी, असे मला तरी वाटत नाही.