‘माझ्यामागं याचं कोण?’ हा प्रश्न आईलाच का विचारता?

मा. संचालक,
फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, पुणे यांस,



मी लोणावळ्यात राहते. माझा मुलगा वयात आलाय. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही, आणि अंघोळीपासून जेवणापर्यंत त्याला कुणाचा तरी हात लागतो. आमच्यासारख्या आयांवर माहितीपट करायला तरुण मंडळी येतात, मनानं चांगली असतात. पण पडद्यावर आई एक तर त्यागमूर्ती होते, नाही तर पार खचलेली बाई. मधेच धुक्यातला घाट दाखवतात, जणू मूल त्यात हरवलंय.

माझा मुलगा हरवलेला नाही. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, की तो कान दाबून मोरीत जातो, नळ सोडतो आणि धारेच्या एकसुरी आवाजात हळूहळू निवतो. हा उपाय त्याचा त्यानं शोधलाय. तुमच्या विद्यार्थ्यांनी दाराबाहेरून नळाचा आवाज तेवढा घ्यावा. आत कॅमेरा नको.

2006 साली अमेरिकेत ‘ऑटिझम एव्हरी डे’ नावाचा माहितीपट निघाला. त्यात एक आई सांगते, की लेकीला गाडीत घालून पुलावरून गाडी खाली घालावी असं मनात आलं होतं. ती लेक त्याच खोलीत आहे. त्या आईला मी बोल लावणार नाही, तो थकवा मला ठाऊक आहे. पण मुलीसमोर हे बोललं जात असताना कॅमेरा चालू राहिला, आणि पुढे संकलनातही ते तसंच ठेवलं गेलं, हे मला सहन होत नाही. न बोलणाऱ्या मुलांना ऐकू येतं हो.

त्याआधी 2002 मध्ये ‘रेफ्रिजरेटर मदर्स’ आला होता. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं ब्रूनो बेटलहाइमसारखे तज्ज्ञ एके काळी छातीठोक सांगत. तो डाग वागवलेल्या आया त्यात स्वतः बोलतात, आणि उलटतपासणी होते ती तज्ज्ञांच्या मताची. तुमच्या वर्गात हे दोन्ही माहितीपट एकापाठोपाठ दाखवावेत.

आपल्याकडचे माहितीपट बहुतेक एकाच प्रश्नावर संपतात: ‘माझ्यामागं याचं कोण?’ आईचे डोळे भरतात, बासरी वाजते, नामावली सुरू होते. पण 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 38 आहे. ज्याला जास्त आधार लागतो त्याला, किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणाला, त्या आधारासाठी सरकारकडे अर्ज करता येतो. 18 वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वासाठी 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांची समिती नेमलीय. मग कॅमेरा घेऊन तिथं जा. माझ्यामागं मावळात याला राहायला जागा कोणती, रात्री सोबतीला कोण, त्याचा पगार कोण देणार, हे साहेबांना विचारा. त्यांच्याही चेहऱ्यावर कॅमेरा तेवढाच वेळ थांबू द्या.

आणि फिल्म झाली की आधी माझ्या मुलासोबत बसून बघा. तो मधूनच उठून गेला, तर कुठल्या दृश्याला उठला ते लिहून ठेवा आणि तेवढा भाग पुन्हा कापायला घ्या.

आपली,
लोणावळ्यातील एक आई